माझ्याकडे असं आहे तरी काय, की मृत्युपत्र करू?

गाठोडं (धागाकर्ती)

माझा मामेभाऊ एकोणतिसाव्या वर्षी अपघातात गेला. त्या दिवसाबद्दल इथे लिहिणार नाही. लिहायचंय ते पुढच्या आठ महिन्यांबद्दल. नातेवाइकांत माझी ख्याती "हिला कॉम्प्युटरचं कळतं" अशी, त्यामुळे त्याचे सगळे कागद माझ्या गळ्यात पडले.

कागद तरी किती? पगाराचं खातं, कॉलेजात असताना उघडलेलं एक जुनं खातं, पीएफ, चार म्युच्युअल फंड, कंपनीचा गटविमा, शैक्षणिक कर्जाचे राहिलेले हप्ते. "पोराचं अजून काही नव्हतंच," असं जो तो म्हणायचा. त्या काहीच नसलेल्यापायी मी अकरा ठिकाणचे उंबरे झिजवले.

पहिला अडसर त्याचा फोन. अंगठ्याच्या ठशाने उघडणारा. ओटीपी त्यावर, स्टेटमेंटं ईमेलवर, ईमेलचा पासवर्ड त्याच्या डोक्यात. कुठे काय ठेवलंय ते सांगणारा एक चिटोरा घरात नव्हता. चौथ्या फंडाचा पत्ता तर त्याच्या मित्राच्या बोलण्यातून लागला. त्याला तरी काय बोल लावणार, एकोणतिसाव्या वर्षी कोण असला चिटोरा लिहून ठेवतं?

पगाराच्या खात्याला आईचं नाव नॉमिनी म्हणून होतं, ते काम तीन आठवड्यांत उरकलं. जुन्या खात्याला कोणीच नव्हतं. तिथे मामीच्या हातात शपथपत्र, हमीपत्र, जामीनदार, वारस दाखला अशी यादी ठेवली आणि दर खेपेला त्या यादीत एक कागद वाढत गेला. खात्यात शिल्लक होती एकतीस हजार.

वारसांचा तक्ता भरायची वेळ आली तेव्हा मामांनी विचारलं, "मी कुठे सही करू?" कुठेच नाही. अविवाहित हिंदू मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई पहिल्या वर्गातली वारस आणि वडील दुसऱ्या. पहिल्या वर्गात एक जरी माणूस हयात असलं तरी दुसऱ्या वर्गापर्यंत काहीच पोचत नाही. मामांना पैसे नको होते हो. त्यांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

घरी येऊन मी माझे कागद काढले. वय ३४, लग्नाला सहा वर्षं. पीएफला नॉमिनी बाबा, पहिल्या नोकरीत रुजू होताना भरलेले. लग्नाआधीचं नॉमिनेशन लग्न झालं की पीएफवाले रद्द धरतात, हे मला त्या दिवशी कळलं. सहा वर्षं माझ्या सगळ्यात मोठ्या शिलकीला नॉमिनीच नव्हता, आणि मी मात्र "आपलं सगळं व्यवस्थित आहे" म्हणून निर्धास्त.

आपण मृत्युपत्र केलं नाही, तरी कायद्याने आपल्यासाठी एक लिहून ठेवलेलं असतं. ते आपण कधी वाचत नाही एवढंच. आधी ते वाचा. पटलं तर राहू द्या, नाही पटलं तर स्वतःचं लिहा. वय आणि शिल्लक किती यावर ते अवलंबून नाही, असं माझं आता ठाम मत आहे.

चाळिशीच्या आत कोणी केलंय का? साठीपुढचे "करायलाच हवं" म्हणणार हे ठाऊक आहे, त्यांनी जरा दम धरावा. :)

उंटावरचा

वाचून वाईट वाटलं. पण खरं सांगू का, मी २७. माझी इस्टेट म्हणजे एक मोटारसायकल, एक लॅपटॉप आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी. यात वाटण्यासारखं काय आहे? ज्याला हौस असेल त्याने थकबाकी घ्यावी.

फेरफार

उंटावरचा, थकबाकीपासूनच सुरुवात करू. (मी वकिली करतो, पण इथे सल्ला देत नाही, गप्पा मारतोय.) कर्ज वारसांच्या अंगावर येतं ते तुमच्यामागे जेवढं उरलं तेवढ्यापुरतंच. त्यापलीकडे वारसाच्या स्वतःच्या खिशाला हात लावता येत नाही. वसुलीवाले फोनवर काय वाटेल ते सांगतात, घरच्यांना हा नियम माहीत नसतो आणि ते लाजेकाजे भरत बसतात. शैक्षणिक कर्जाची गोष्ट वेगळी. तिथे आई किंवा वडील सहकर्जदार असतात, त्यांची देणी त्यांच्यापाशीच राहतात. हे त्यांना आज सांगून ठेवलंत तर बरं.

आणि "काही नाही" म्हणताय ते जिवंतपणीचं झालं. पीएफचा सभासद नोकरीत असताना गेला, तर ईडीएलआय या योजनेतून वारसांना ७ लाखांपर्यंत विम्याची रक्कम मिळते. वर कंपनीचा गटविमा. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचं अपघात संरक्षण असतं, ते निराळंच. तुमच्यासारखा माणूस गेल्यावरच श्रीमंत होतो. तेव्हा ते पैसे कोणाला, हे आत्ता ठरवायला नको का?

उंटावरचा

"गेल्यावरच श्रीमंत होतो." आभारी आहे साहेब, दिवस चांगला जाणार.

खवचट_पेन्सिल

मी मागच्या वर्षी बायकोला म्हणालो, मृत्युपत्र करावं म्हणतो. ती म्हणाली, "आधी रिपोर्ट दाखव." कसला रिपोर्ट? "जो तू माझ्यापासून लपवतोयस तो." दोन दिवस घरात तपास चालला होता. तेव्हापासून हा विषय बंद आहे.

कातरवेळ

मी ३८, मूलबाळ नाही, फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर, माझ्या पगारातून घेतलेला. सुरुवातीच्या पैशांत माझ्या आईबाबांनी मदत केली होती. मला वाटायचं, मला काही झालं तर नवऱ्याला जाईल, तेच मला हवंय. मग मी वेगळं कशाला काही करू?

फेरफार

कातरवेळ, पहिल्या पायरीपर्यंत तुमचं बरोबर आहे. हिंदू विवाहितेने मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे आधी मुलं आणि नवरा. मूल नाही, म्हणजे सगळं नवऱ्याला.

आता पुढची पायरी. नवरा तुमच्याआधी गेला असेल तर? मग ते तुमच्या आईवडिलांकडे जात नाही. आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, म्हणजे सासू, त्या नसतील तर सासरे, ते नसतील तर दीर-नणंदा, असं करत. तुमचे आईवडील त्यांच्या मागे. एक अपवाद आहे. जे तुम्हाला आईवडिलांकडून वारसाने आलेलं असेल ते, मूल नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जातं. पण आईबाबांनी हयातीत हातात ठेवलेले पैसे म्हणजे वारसा नव्हे. ती भेट. त्यातून उभा राहिलेला फ्लॅट सासरच्या रांगेत.

दोघंही एकाच अपघातात गेलात आणि आधी कोण गेलं ते कळायला मार्ग नसेल, तर त्यालाही कलम आहे, २१ वं. उलट सिद्ध होईपर्यंत वयाने लहान असलेली व्यक्ती नंतर गेली असं धरतात. तुम्ही नवऱ्याहून लहान असाल तर क्षणभरासाठी त्याच्या मालमत्तेतला तुमचा वाटा तुमचा होतो, आणि मग तुमचं आणि त्याचं मिळून त्याच्या वारसांकडे जातं. तुमच्या आईबाबांचा हिशेबात कुठे पत्ताच नाही.

कातरवेळ

हे मी तीनदा वाचलं. नवरा माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे. बाबा पंच्याहत्तरचे आहेत आणि त्या फ्लॅटच्या हॉलमधले पंखे त्यांनी स्वतः स्टुलावर चढून लावलेत.

मुक्काम_पोस्ट

हे असलं कलम आजच्या काळातही कसं काय टिकून आहे? स्वतः कमावलेलं असूनही?

फेरफार

टिकून आहे. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण, सर्वोच्च न्यायालय, २००९. एका बाईचा नवरा लग्नानंतर तीनच महिन्यांत सर्पदंशाने गेला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली. १९९६ मध्ये मृत्युपत्र न करता वारली. खात्यांत तिच्या स्वतःच्या कमाईचे पैसे. तिच्या आईनेही हक्क सांगितला आणि नवऱ्याच्या नातेवाइकांनीही. न्यायालयाने सहानुभूती दाखवली, पण कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत म्हणून पैसे सासरकडे दिले. चाळीस वर्षं ज्यांनी तिची विचारपूस केली नव्हती त्यांच्याकडे.

या कलमाला आव्हान देणारी याचिका आली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम रद्द तर केलं नाही, पण स्त्रियांना, त्यातही हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवा असं आवाहन केलं. न्यायालयानेच असं सांगितल्यावर मी आणखी काय बोलू?

गाठोडं

मी मुद्दाम सांगते, हे वाचल्यावर माझ्या नवऱ्याने विचारलं, "म्हणजे तुझ्या बाबांना काहीच नाही?" त्याच्याही डोक्यात हे कधी आलं नव्हतं. यात सासरचे वाईट असण्याचा प्रश्नच येत नाही. रांग कायद्याने लावलीय, माणसं फक्त तिच्यात उभी राहतात.

पाटी_कोरी

एवढा काथ्याकूट कशाला? सगळीकडे नॉमिनी टाकायचा, विषय संपला. माझ्या सगळ्या खात्यांवर बहिणीचं नाव आहे. मृत्युपत्र वगैरे श्रीमंतांचे चोचले.

जुनं_पासबुक

साठीपुढच्यांना दम धरायला सांगितलंय, तरी पाटी_कोरीचं वाचून राहवलं नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली. मृतांचे दावे बघणाऱ्या टेबलावरच नऊ.

बाळा, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे ते नाव. त्याच्या हाती दिले की बँक सुटली. पुढे ते वारसांचे, किंवा मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिलंय त्यांचे. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्येच सांगितलं होतं, आणि शेअर व फंडांबाबत १४ डिसेंबर २०२३ ला पुन्हा. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, जोडीदार, मुलं नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी मानायची सोय आली, पण तिचा अर्थ काय यावरही न्यायालयांत मतं वेगळी पडलीत. तेव्हा "बहिणीचं नाव टाकलंय" एवढ्यावर बहिणीला ते मिळेल अशी खात्री धरू नकोस. तुझ्या मनात तिलाच द्यायचं असेल तर मृत्युपत्रात तसं लिही. दोन्ही ठिकाणी एकच नाव असलं की टेबलामागच्या माणसाचंही काम हलकं होतं.

आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त भांडणं कशावरून झाली असतील? नॉमिनी एक भाऊ आणि वारस तिघं. दिवंगत माणसाने नॉमिनी केला तो फक्त "फॉर्म भरायला तोच बरोबर आला होता" म्हणून.

पाटी_कोरी

बरं, हे मला खरंच माहीत नव्हतं. माघार.

सोसायटीच्या फ्लॅटचंही तसंच का?

फेरफार

तसंच. महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायटीत नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व मिळतं. फ्लॅट मालकीने त्याचा होत नाही. कायमची नोंद मृत्युपत्र, वारसाहक्काचा दाखला किंवा वारसांतल्या लेखी तडजोडीवरून होते.

जुनं_पासबुक

आणखी दोन गोष्टी, मग मी जातो.

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी करता येतात. ठेवींना हिस्से टक्क्यांत ठरवून एकाच वेळी, किंवा एकामागून एक. लॉकरला फक्त एकामागून एक. जुन्या खात्यांवर पंचवीस वर्षांपूर्वी टाकलेली नावं बघा एकदा. त्यातली निम्मी माणसं आता हयात नसतात.

दुसरं, दहा वर्षं कोणी हात लावला नाही की ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत जाते. बुडत नाही, मागता येते, पण आधी ती आहे हे कोणाला तरी कळायला हवं ना. २०२३ पासून 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे, त्यावर नाव टाकून बऱ्याच बँकांत शोधता येतं. मी सहज माझ्या थोरल्या भावाचं नाव टाकलं तर १९९८ चं एक खातं निघालं. तो म्हणतो, "मी नाही उघडलं." सही त्याचीच.

रात्रपाळी

तुम्ही सगळे मरणाबद्दलच बोलताय. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे घरच्यांची दैना होते ती माणूस जातही नाही आणि उठतही नाही तेव्हा. बत्तीस वर्षांचा माणूस डोक्याला मार लागून सहा आठवडे बेशुद्ध. बायको विचारते, खातं फक्त त्यांच्या नावावर आहे, मी बिल कशातून भरू? नॉमिनीचा तिथे काही उपयोग नाही, कारण नॉमिनी मृत्यूनंतर जागा होतो. मृत्युपत्राचंही तेच.

फेरफार

अगदी मर्मावर बोट ठेवलंत. लोक म्हणतात, मी मुखत्यारपत्र देऊन ठेवलंय. परदेशात म्हणे आजारपणातही टिकणारं मुखत्यारपत्र असतं. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ बघा, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. नेमकं लागतं तेव्हाच ते गळून पडतं. मग उरतं काय? पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालय.

म्हणून सगळ्यात साधा उपाय असा की घरखर्चाचं निदान एक खातं दोघांच्या नावे, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती" या प्रकारचं ठेवा. तीन-चार महिन्यांचा खर्च त्यात राहू द्या. मृत्युपत्राआधी हे करा म्हणेन मी.

रात्रपाळी

आणि उपचारांबद्दलचं. व्हेंटिलेटर किती काळ, हा प्रश्न घरच्यांना विचारला जातो तेव्हा भाऊ एक म्हणतो, बायको दुसरं म्हणते, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो मध्ये पडून. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद, आपल्याकडे मान्य झालं. तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की कोणी वाटेला जात नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. अठरा पूर्ण झालेला कोणीही करू शकतो. तुमच्या वतीने बोलणाऱ्या माणसांची नावं त्यात लिहायची आणि प्रत त्यांना द्यायची. लिहिलंय म्हणून कोणी घाईने नळ्या काढत नाही. रुग्णालयातली दोन वैद्यकीय मंडळं पाहून ठरवतात.

आमच्या मजल्यावर असा कागद घेऊन आलेलं कुटुंब मी आजवर एकदाच पाहिलं. त्या बाईंच्या मुलाने तो माझ्या हातात देताना म्हटलं, "आईने आमच्यावरचं ओझं काढलं." नाहीतर तिथे लोक पुढची दहा वर्षं स्वतःला दोष देत राहतात.

मुक्काम_पोस्ट

वाचनखूण साठवली. इतके दिवस वाटायचं की इस्टेट प्लॅनिंग म्हणजे बंगले असलेल्यांचं काम.

शाईचा_डाग

थोडं खाजगी विचारते. घटस्फोट झालाय, मुलगी सहा वर्षांची, ताबा माझ्याकडे. मला काही झालं तर ती माझ्या बहिणीकडे राहावी असं मृत्युपत्रात लिहिता येईल का?

फेरफार

लिहा, पण भ्रमात राहू नका. वडील हयात आणि पात्र असताना आईने नेमलेला पालक सहसा त्यांच्यापुढे टिकत नाही. वाद झाला तर न्यायालय मुलीचं हित बघतं, आणि तुमची लेखी इच्छा, बहिणीचा लळा, हे सगळं तिथे मांडता येतं. म्हणून कागद हवाच.

पैसे मात्र पूर्ण तुमच्या हातात आहेत. मुलीला थेट सहाव्या वर्षी द्यायचे नाहीत, कोणी सांभाळायचे, शिक्षणाला किती, आणि अठराव्या वर्षी की पंचविसाव्या वर्षी तिच्या ताब्यात, हे ट्रस्ट करून किंवा मृत्युपत्रातच लिहून ठरवता येतं. अज्ञान, म्हणजे अठराखालची, मुलं नॉमिनी असतील तर त्यांच्यासाठी पैसे घेणारी सज्ञान व्यक्तीही फॉर्मवर भरावी लागते. ती जागा भरली नसेल तर अज्ञानाच्या वाट्याचे पैसे तुम्ही टाळायला निघालात त्याच माणसाच्या हाती जाण्याची शक्यता मोठी.

आई-बाप दोघंही असलेल्यांनी पालक म्हणून दोघांच्या मृत्युपत्रांत एकच नाव लिहावं. एकाने मामा, दुसऱ्याने काका लिहिला की मुलं कोर्टात.

शाईचा_डाग

माझ्या पॉलिसीत ती जागा रिकामी आहे. आत्ता बघितलं.

दोन_चाव्या

आम्ही दोघी नऊ वर्षं एकत्र राहतो. आमच्यासाठी कायद्याने लिहिलेल्या मृत्युपत्रात एकमेकींचं नाव कुठेच नाही, दूरच्या चुलत्याचंही असेल. त्यामुळे आमच्या बाबतीत हा कागद म्हणजे सोय नाही, तोच आमचा सगळा आधार आहे. तिशीच्या आतच दोघींनी केली. संयुक्त खातं आणि एकमेकींना नॉमिनी करायला आडकाठी नाही असं रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये स्पष्ट केलं, तेही लगेच करून घेतलं. लिहिताना फार विचित्र वाटलं नाही. विचित्र वाटलं ते साक्षीदार शोधताना. कोणाला विचारायचं, यावरून कळलं की आपली माणसं कोण.

खवचट_पेन्सिल

लिहायचं कशावर? स्टॅम्प पेपर? मी एवढ्यासाठी विचारतोय की बायकोने हा धागा वाचला आणि आता तीच मागे लागलीय.

फेरफार

साधा कोरा कागद. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. भाषा मराठी चालते, हाताने लिहिलेलं चालतं. करणारा सज्ञान आणि शुद्धीवर हवा. सही दोन साक्षीदारांसमोर करायची आणि त्या दोघांनी तुमच्यासमोर सह्या करायच्या. साक्षीदारांनी आत काय लिहिलंय ते वाचायची गरज नाही. तारीख ठळक लिहा, कारण शेवटचं मृत्युपत्र खरं धरतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, उगाच संशयाला जागा. आणि साक्षीदार तुमच्याहून तरुण घ्या. लोक हमखास शेजारच्या आजोबांना बोलावतात, आणि वीस वर्षांनी मृत्युपत्र सिद्ध करताना साक्षीदार लागतो तेव्हा कोणीच उरलेलं नसतं.

मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं, व्हॉट्सॲपवर पाठवलेलं, डिजिटल सही केलेलं मृत्युपत्र चालत नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मृत्युपत्र त्यातून वगळलंय. कागद आणि शाईच.

एक वाक्य विसरू नका, "वर न लिहिलेली आणि यापुढे मला मिळणारी सर्व मालमत्ता अमुकला." तरुणांच्या मृत्युपत्रात खरं वजन याच वाक्याला असतं, कारण तुमची कमाई अजून व्हायचीय. हे वाक्य असलं की दर नव्या खात्याला नवा कागद नको.

आणि मी वर सांगतोय ते बहुतेक हिंदू कायद्याचं आहे. मुस्लिम कायद्यात साधारणपणे एक तृतीयांशाच्या पलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही, वारसांची संमती असेल तरच. ख्रिश्चन आणि पारशी मंडळींचं लग्नाआधीचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं, त्यांनी लग्नानंतर पुन्हा करायचं.

जुनं_पासबुक

नोंदणी ऐच्छिक हे खरं, पण मी म्हणेन कराच. नोंदलेला कागद हरवत नाही.

फेरफार

हरवत नाही, मान्य. पण नोंदणी केली म्हणून कोर्टात आव्हान टळत नाही. आणि "नोंदणीला जाऊ एकदा निवांत" म्हणून मृत्युपत्रच राहून गेलेले पक्षकार मी खूप पाहिलेत. आधी सही, मग नोंदणी.

जुनं_पासबुक

यावर आपलं जमायचं नाही. चालायचंच.

मुक्काम_पोस्ट

अवांतर: फोनबद्दल कोणी बोललंच नाही. गूगलमध्ये 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' आहे. तीन ते अठरा महिन्यांतली एक मुदत निवडायची, तेवढा काळ तुम्ही फिरकला नाहीत की तुम्ही निवडलेल्या माणसाला ठरवलेली माहिती उघडते. ॲपलमध्येही वारस-संपर्क नेमता येतो. मी दोन्ही केलं, दहा मिनिटं लागली. आईला सांगितलं तर म्हणाली, "मला तुझे फोटो पुरेत, बाकीचं तू आधी पुसून टाक."

गाठोडं

मी काय काय केलं ते लिहिते. पीएफचं ई-नॉमिनेशन नव्याने केलं. घरखर्चाचं खातं दोघांच्या नावे. मृत्युपत्र दीड पान, हाताने लिहिलेलं, फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा नवऱ्याला आणि माझ्या ठेवींतला ठरावीक भाग आईबाबांना. साक्षीदार ऑफिसातल्या दोघी, वय २६ आणि २९. त्यांनी सही केली आणि दोघींनी त्याच दुपारी आपापल्या पीएफची नावं तपासली. एकीच्या फॉर्मवर कोणाचंच नाव नव्हतं.

आणि तो चिटोरा. कुठे खातं, कुठे विमा, कोणता फंड, कोणाला फोन करायचा. पासवर्ड नाही लिहिले, पत्ता तेवढा लिहिला. कपाटात पाकिटात ठेवलाय आणि नवऱ्याला जागा दाखवलीय. वैद्यकीय इच्छापत्र अजून नाही झालं. ते लिहायला बसले की पेन उचलत नाही. होईल.

मामांना हा धागा वाचायला दिला होता. त्यांनी फक्त विचारलं, "पीएफचा फॉर्म बदलायला किती वेळ लागतो गं?" त्यांचा मोठा मुलगा, माझा दुसरा मामेभाऊ, एकतीसचा आहे.

उंटावरचा

दोन दिवस या धाग्यावर नुसता येऊन वाचून जातोय. काल बसलो. पीएफ तपासलं, आईचं नाव आहे, पण स्पेलिंग चुकीचं, आधारशी जुळत नाही. ते दुरुस्तीला टाकलं. गटविम्यात बाबांना टाकलं. त्यांचं नाव कायद्याने आपणहून येत नाही हे डोक्यातून जाईना.

आता मृत्युपत्र हाताने लिहितोय, प्रिंटर बंद आहे. लॅपटॉप बहिणीला. मोटारसायकल मित्राला, कारण तिचे आवाज फक्त त्यालाच कळतात. फेरफार साहेब, गाडीचा नंबर लिहायलाच हवा का? आणि तिचे अजून चौदा हप्ते बाकी आहेत, ते पण त्यालाच जातात का?